काज आणि कामकाज

उत्साह हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. पहाटे फिरायला जाणारा उत्साही, सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा उत्साही, आणि दुसऱ्याच्या सामानाला न विचारता हात लावणारा तर परम उत्साही. साहित्यशास्त्रकारांनी मात्र या शब्दाला फार वरचे आसन दिले होते. वीररसाचा स्थायिभाव कोणता, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला तेव्हा क्रोधाची रवानगी त्यांनी रौद्राकडे केली आणि वीराच्या शेजारी उत्साहाला बसवले. धातूकडे पाहिले की कारण उमगते. ‘सह्’ म्हणजे सोसणे, ‘उत्’ म्हणजे वर. सोसता सोसता जो खाली बसत नाही, उलट वर उसळतो, तो उत्साही. उसळणारे पुष्कळ असतात, सोसणारे त्याहून पुष्कळ; पण दोन्ही क्रिया एकाच देहात, एकाच समयी आणि शिवाय मोठ्याने हसत हसत चाललेल्या पाहण्याचा योग विरळा. आमच्या शिंपीबाजारामागच्या गल्लीला तो रोज सकाळी घडत असे, आणि गल्ली डोक्यावर उशी घेऊन पुन्हा झोपायचा प्रयत्न करीत असे.

त्यांना सगळे उधाणमावशी म्हणत. हे नाव कुणी ठेवले ते सांगता येत नाही, पण ज्याने ठेवले त्याला शब्दांची जाण असावी. भरती सांगून येते. उधाण सांगत नाही. मावशींना एखादी गोष्ट सुचली की ती आधी हातांत उतरे, मग पायांत, आणि सर्वांत शेवटी तोंडात. त्यामुळे त्या धावत सुटल्यावर बऱ्याच वेळाने लोकांना कळे की कशासाठी धावत आहेत. यजमान तरुणपणीच गेले होते. तेव्हापासून त्या आणि त्यांची अविवाहित नणंद, अशा दोघी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत. नणंदबाई म्हणजे उधाणाला घातलेला बांध. त्या कमी बोलत, आणि जे बोलत त्यात बहुधा ‘नको’ हा शब्द असे. मावशी अक्षरओळख असलेल्या, तर नणंदबाईंना शाळेत शुद्धलेखनाचे बक्षीस मिळालेले. त्या बक्षिसाचा चषक फडताळात होता आणि त्याचा ताठा त्यांच्या मानेत.

मावशींचा व्यवसाय काजाचा. शिंप्याकडून कोट शिवून येई तो काजांविना, म्हणजे दारे नसलेल्या घरासारखा. त्यात बटणापुरती नेमकी चीर पाडायची, चिरेच्या कडेने जाड दोरा धरायचा, मेण लावलेल्या धाग्याने त्यावर टाक्याला टाका भिडवत जायचे, प्रत्येक टाक्याची गाठ कडेवर मोत्यासारखी बसवायची आणि टोकाला बटणाच्या मानेसाठी लहानसा डोळा ठेवायचा. चांगले काज उघडताना कुरकुरत नाही आणि मिटल्यावर दिसत नाही. जाणकार सांगतात की हे ‘काज’ समुद्रापलीकडच्या भाषेतून आले, आणि तिथे त्याचा अर्थ घर असा होतो. बटणाचे घर! ‘कार्य’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतात ‘कज्ज’ होऊन जे ‘काज’ झाले, राजकाजातले आणि कामकाजातले, ते निराळे. दोन अनोळखी पाहुणे एकाच नावाचे निघावेत आणि त्यांना एकाच खोलीत उतरवावे, तसे हे दोन शब्द आपल्या भाषेत राहतात. एरवी त्यांचे बरे चालते. एकदा मात्र त्यांनी एकमेकांचे कपडे घातले, आणि मग जे झाले ते सांगण्यासारखे आहे.

गल्लीत काज करणाऱ्या पाचसहा जणी होत्या. एकेकाळी त्यांच्या उंबऱ्यांवर कोटांचे ढीग पडत. पुढे तयार कपड्यांची दुकाने आली, काजाचे यंत्र आले, आणि ज्या वेळात मावशी दोऱ्याला मेण लावीत त्या वेळात ते यंत्र अख्खा कोट उरकू लागले. एकामागून एक शिंपी उठून गेले. हाताने केलेल्या काजाचा आग्रह धरणारा एकच जुना कोटशिंपी उरला. त्यातच गल्लीच्या तोंडाशी मालाचे उंच गोदाम उभे राहिले आणि दुपारनंतर उंबऱ्यांवर अंधार पडू लागला. काळ्या कोटावर काळा धागा अंधारात दिसत नाही. काम लांबू लागले. एक दिवस कोटशिंपी स्वतः आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, “मावशी, मला तुमचंच काज हवंय. पण गिऱ्हाईक दारात उभं राहतं हो. हा हंगाम बघतो. वेळेवर कोट मिळाले तर ठीक, नाहीतर मलाही यंत्राकडे जावं लागेल.”

गल्लीच्या टोकाला जुन्या वजनकाट्याची सरकारी कचेरी कित्येक वर्षे कुलूप लावून पडली होती. तिला उत्तरेकडे मोठ्या तीन खिडक्या होत्या आणि दिवसभर तिथे एकसारखा, शांत उजेड असे. मावशींचे त्या खोलीवर मन जडले होते. रोज जाता येता त्या तिच्या काचा बाहेरून पुसत.

“परक्याच्या काचा कशाला पुसता, वहिनी?” नणंदबाई विचारीत.

“हात बसावा म्हणून हो, वन्सं. आतून पुसायची वेळ आली की अवघड नको जायला.”

अशा वेळी कचेरीच्याच भिंतीवर एक सरकारी पत्रक चिकटवले गेले. ‘मागे राहिलेल्या वस्त्यांतील लघुउद्योगांस जागा व साधने यांचे साहाय्य.’ नणंदबाईंनी ते मोठ्याने वाचले, त्यातली ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवली आणि म्हणाल्या, “आपल्यासाठी नाही ते.”

“का नाही? आपण मागे राहिलो नाही का?”

“राहिलो. पण त्यासाठी एवढं नाचायला नको.”

मावशी खरोखरच नाचत होत्या. समोरच्या दुकानातून छत्रीवाले काका हे सारे पाहत होते. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांत बसून बसून स्वभावही काडीसारखा झालेला हा गृहस्थ तिथूनच ओरडला, “मागे म्हणजे कुणाच्या मागे गं?”

“पुढे गेलेल्यांच्या, काका!”

“ते जरा थांबले तर काय बिघडेल त्यांचं?”

“त्यांनाच विचारायला निघाले,” असे म्हणून मावशींनी नणंदेचा हात धरला, आणि दोघी सरकारी कार्यालयात पोहोचल्यावरच नणंदबाईंना ‘नको’ म्हणायला सवड मिळाली.

कार्यालयात रांग होती. खिडकीमागचे कारकून सज्जन गृहस्थ होते, पण सकाळपासून माणसे पाहून पाहून त्यांना आता माणसे दिसेनाशी झाली होती.

“व्यवसाय?”

“काज,” मावशी म्हणाल्या, आणि नणंदबाईंनी अर्जावर ते लिहिले.

“हो, पण कसलं?”

“सगळ्या तऱ्हेचं. कोटाचं, शर्टाचं, शाळेच्या गणवेशाचं...”

“शाळेचं काज आमच्याकडे येत नाही. त्याचा विभाग वरच्या मजल्यावर.”

“अहो, वरच्या मजल्यावर कशाला? मी खाली बसूनच करते!”

“बाई,” कारकुनांनी चष्मा काढला, “नुसतं ‘काज’ लिहून काहीच कळत नाही. शब्द पुरा लिहा.”

एवढ्यात मावशींचे लक्ष रांगेत मागे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या कोटाकडे गेले. तिथे एक काज उसवत होते, आणि असे काज पाहून गप्प राहणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. त्या मागे वळून त्या बिचाऱ्याला धीर देऊ लागल्या. लेखणी नणंदबाईंच्या हातात राहिली. आता नणंदबाईंना ‘काज’ हा शब्द कधीच पसंत नव्हता. तो त्यांना उंबऱ्यावरचा, केस न विंचरलेला वाटे. कारकुनांसारखा शिकलेला माणूसही तो अपुरा म्हणतो, याचे त्यांना मनातून समाधानच वाटले. त्यांनी लेखणी सावरली आणि सुवाच्य अक्षरात त्या उघड्या शब्दाच्या आधी ‘काम’ जोडले. पुढच्या रकान्यात, त्याच ओघात, ‘जागा व कामकाजास लागणारी साधने’ असे लिहिले. 

“आता कसं!” कारकून प्रसन्न झाले. नणंदबाईंना दुसरे बक्षीस मिळाल्यासारखे वाटले.

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडले नाही, आणि मग एका सकाळी सारेच एकदम घडले. गल्लीच्या तोंडाशी ट्रक येऊन उभा राहिला. चालकाच्या हातात वजनकाट्याच्या कचेरीची किल्ली होती. मावशींनी ती किल्ली त्याच्याकडून घेतली की हिसकावली, याविषयी गल्लीत दोन मते आहेत. कुलूप उघडून त्यांनी पदराने पहिली काच आतून पुसली, याविषयी एकच. मग सामान उतरू लागले. एक टेबल उतरले. दुसरे उतरले. हात असलेल्या खुर्च्या उतरल्या. लोखंडी कपाट उतरले. कागद ठेवायचे तबक, टेबलावर ठेवायची घंटी, शाईचा ठसा, आणि सर्वांत शेवटी एक पाटी, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘कामकाज केंद्र’.

“आणि मशीन?” मावशींनी ट्रकमध्ये डोकावून विचारले.

“आहे ना.” चालकाने खिशातून एक लहानसे यंत्र काढून त्यांच्या हातावर ठेवले. कागदांना भोके पाडायचे ते यंत्र होते.

मावशींनी त्यात सामानाच्या पावतीचा कोपरा घातला आणि दाबला. दोन गोल, स्वच्छ भोके पडली. त्या कागद उजेडात धरून पाहतच राहिल्या. “वन्सं, काजं पाडतंय की हो! पण याला टाके कोण घालणार?”

नणंदबाई त्या पाटीकडे पाहत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. शेवटी त्या भिंतीला टेकल्या आणि अत्यंत क्षीण आवाजात म्हणाल्या, “वहिनी, ‘काम’ मी जोडलं.”

“कुठे जोडलं?”

“काजाच्या आधी.”

मावशींना अर्थ कळायला क्षणभर लागला. मग पोटातून काहीतरी उसळले, गळ्यापर्यंत आले, तिथे मावेना, आणि त्या भर गल्लीत सरकारी खुर्चीवर बसून हसू लागल्या. हसता हसता खुर्ची मागे गेली. खुर्चीला हात होते म्हणून वाचल्या. “वन्सं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तुमच्या एका शब्दावर सरकारनं ट्रकभर सामान धाडलं हो! आणखी दोन लिहिले असते तर राजवाडा आला असता!”

“हसता काय? हे सगळं परत न्यायचे ते. वर दंड.”

“नेतील तेव्हा नेतील. आज उजेड आहे ना? कोट आणा!”

त्याच दिवसापासून कामाला प्रारंभ झाला. गल्लीतल्या साऱ्या जणी टेबलांशी बसल्या. कपाटात कोट टांगले, तबकात मेणाच्या वड्या ठेवल्या, आणि धागा संपला की टेबलावरची घंटी वाजवायची असे ठरले. घंटी इतकी गोड होती की धागे वाजवीपेक्षा लवकर संपू लागले. कोटशिंप्याला कोट वेळेवर मिळाले. तो खोलीत येऊन खिडक्यांकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, असं असेल तर मी यंत्राचं नाव काढत नाही.” खोली राहिली तर काज राहणार होते, एवढे सरळ गणित होते.

आणि नेमके तेव्हा पत्र आले. केंद्रातले कामकाज पाहण्यासाठी तपासणी अधिकारी येणार होत्या.

गल्लीची सभा भरली. छत्रीवाल्या काकांचे म्हणणे असे की यात चिंता करण्यासारखे काही नाही. एक दिवसापुरते कोट लपवावेत, टेबलांवर कागद पसरावेत आणि सर्वांनी कामकाज करीत असल्याचा आव आणावा. “मी साहेब होतो. खुर्चीत बसून ‘उद्या या’ म्हणायचं. त्यात काय अवघड आहे?”

तालीम घेण्यात आली. काका मधल्या टेबलाशी बसले. त्यांनी कानावर पेन्सिल ठेवली आणि घंटी वाजवली. मावशींनी रिकामा कागद हातात घेऊन, मान खाली घालून, अत्यंत गंभीरपणे प्रवेश केला.

“काय काम आहे?” काका गरजले.

“साहेब, सही हवी होती.”

“कशावर?”

मावशींनी कागदाकडे पाहिले. कागद कोरा होता. “साहेब, यावर काही लिहिलेलंच नाही.”

“मग सही कुठे करू?”

“जिथे तुम्हाला मोकळं वाटेल तिथे,” मावशी म्हणाल्या, आणि पुढचे शब्द बाहेर पडलेच नाहीत. त्या टेबलावर डोके टेकून हसू लागल्या. त्यांचे पाहून बाकीच्या जणी, मग काका, आणि काका हसल्यावर कानावरची पेन्सिल, असे सारेच कोसळले. तीनदा तालीम झाली आणि तिन्ही वेळा ती ‘मोकळं’ या शब्दावर येऊन फुटली. अखेर मावशी दम खात म्हणाल्या, “वन्सं, खोटं बोलायला माझी ना नव्हती. पण हे हसू आवरायचं कसं? आपण सरळ खरंच सांगू. खरं सांगताना हसू आलं तरी चालतं.”

“खरं सांगितलं तर खोली जाईल,” नणंदबाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. त्या रात्रंदिवस तो एकच शब्द मनात खोडत होत्या.

अधिकारीबाई आल्या त्या उंच, शांत आणि फार थकलेल्या होत्या. दारातली पाटी त्यांनी वाचली. आत आल्या. टेबले पाहिली, टेबलांवरचे कोट पाहिले, सुया धरून थबकलेले हात पाहिले. तेवढ्यात कोपऱ्यात कुणाचा तरी धागा संपला आणि सवयीने घंटी वाजली.

“इथे काय चाललंय?”

“काज, मॅडम,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी अर्जाच्या रांगेपासून घंटीपर्यंत सारे सांगून टाकले. मधे दोनदा हसल्या. अधिकारीबाई हसल्या नाहीत. नणंदबाई पुढे आल्या आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, “वहिनींचा दोष नाही. शब्द मी बिघडवला. मला तो बरा दिसावा असं वाटलं.”

अधिकारीबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी कागद उघडले. “हे पाहा, मला तुमचं वाईट वाटतं. पण मंजुरी कामकाजासाठी आहे. ज्यासाठी जागा दिली ते इथे चालू नसेल, तर सामान परत जाईल आणि खोलीला कुलूप लागेल. योग्य शब्द लिहून पुन्हा अर्ज करा. पुढच्या खेपेला विचार होईल.”

पुढच्या खेपेपर्यंत कोटशिंपी थांबणार नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. सुया खाली आल्या. खिडक्यांतून येणारा तो सुंदर उजेड आता अगदी परका वाटू लागला.

मावशी मात्र अधिकारीबाईंकडे निरखून पाहत होत्या. “मॅडम, एक विचारू? कामकाज म्हणजे नक्की काय असतं हो?”

“म्हणजे... लोक येतात. अर्ज देतात. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं, पुढे पाठवायचं.” अधिकारीबाईंनी कपाळ चोळले. “निदान तसं असावं. या वस्तीतून तर अर्जच येत नाहीत. तुमच्या नावाचं साहाय्य दर वेळी तसंच परत जातं. वरचे मला विचारतात, तिथे सगळे सुखी आहेत का?”

“एवढंच ना?” असे म्हणून मावशी खुर्चीवरून उठल्या आणि दाराबाहेर गेल्या. उधाण कशासाठी धावते ते मागाहून कळते, हे वर सांगितलेच आहे. गल्लीतून त्यांचा आवाज आला, “अहो काका! छत्री ठेवा खाली! ए धारवाल्या, चाक थांबव! आजी, खुर्ची विणायची राहू दे, उठ! कामकाज सुरू झालंय, या सगळे!”

आणि गल्ली आली. ती आजवर कार्यालयात गेली नव्हती, कारण कार्यालय लांब होते, दिवसभराचे काम बुडत होते, आणि तिथे काय लिहायचे ते ठाऊक नव्हते. इथे मात्र ते दहा पावलांवर होते आणि वर मावशी स्वतः हाका मारीत होत्या. छत्रीवाले काका आले, काळ्या हातांचा धारवाला आला, वेताच्या खुर्च्या विणणारी आजी अर्धी विणलेली खुर्चीच घेऊन आली आणि तीवर बसली. मावशींनी नणंदेला दाराजवळच्या टेबलाशी बसवून लेखणी हातात दिली.

“नको,” नणंदबाई म्हणाल्या. “पुन्हा शब्द बिघडला तर?”

“लिहा हो. या वेळी काही जोडू नका म्हणजे झालं.”

नणंदबाईंनी मनाशी शपथच घेतली की सांगणाऱ्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा. पहिला धारवाला होता. “व्यवसाय?”

“धार.”

त्यांनी ‘धार’ लिहिले आणि शेजारून पाहणाऱ्या अधिकारीबाई पुढे वाकल्या. “थांबा, थांबा! नुसतं ‘धार’? कार्यालयात वाटेल की दुधाची. यांच्या दारात गाय येऊन उभी राहील!”

“गाय चालेल मॅडम,” धारवाला विचार करून म्हणाला, “पण तिला चाक फिरवता यायला हवं.”

आणि त्या उंच, थकलेल्या बाई हसल्या. आधी ओठांनी, मग खांद्यांनी, आणि शेवटी हातातली लेखणी खाली ठेवून. मावशींना हसायला निमित्त लागत नसे. इथे तर सरकारी निमित्त मिळाले. आजी म्हणाली, “काय झालं गं? कुणी सांगेल का?” आणि तिला सांगता सांगता सगळे पुन्हा पहिल्यापासून हसले. हास्य हे संक्रामक असते असे म्हणतात. त्या सकाळी ते पदसिद्धही झाले.

मग अधिकारीबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. “‘सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे’ असं लिहा. पुढे काय हवंय ते नेमकं लिहा. ‘साधने’ लिहिलंत तर मलाच माहीत नाही काय येईल.” धारवाल्याला पायाने फिरवायच्या जागी विजेचे चाक हवे होते. काकांना काड्या वाकवायचा चिमटा हवा होता आणि तक्रार करायला कुणीतरी; तक्रारीचा रकाना नाही असे कळल्यावर ते चिमट्यावर राजी झाले. आजीला काय हवे ते आठवेना. तिला कुणी आजवर विचारलेच नव्हते. फार वेळाने ती म्हणाली, “वेत भिजवायला मोठं टाकं,” आणि टाके या शब्दाने काजवाल्या सगळ्या जणी दचकल्या. “पाण्याचं टाकं,” अधिकारीबाईंनी ठासून सांगितले, “‘पाण्याचं’ आधी लिहा, बाई, नाहीतर यांना कुणीतरी शिवून टाकेल.” दुपार झाली. दार भरून गेले. मागच्या टेबलांवर सुया पुन्हा कधी चालू झाल्या ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

उठताना अधिकारीबाईंनी आपला अहवाल तिथेच लिहिला आणि वाचून दाखवला. “‘केंद्रात कामकाज सुरू आहे. स्वतः पाहिले.’ आता ऐका. दाराजवळचं हे टेबल अर्जांसाठी रोज उघडं राहिलं पाहिजे. मी पुन्हा येईन आणि पाहीन.”

“आणि बाकीची टेबलं?” नणंदबाईंनी श्वास रोखून विचारले.

“बाकीच्या टेबलांवर काय चालावं, याविषयी नियमात काही म्हटलेलं नाही.” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “त्या घंटीचा आवाज छान आहे.”

मावशींनी खोली मिळवली ती अशी. त्यानंतरची वर्षे त्या रोज सकाळी ती उघडत आणि गल्लीला जागे करीत. अर्ज लिहायचे काम नणंदबाईंचे, अर्जदार पकडून आणायचे काम मावशींचे. लाजणाऱ्याला, कंटाळलेल्याला, सरकारवर रुसलेल्याला त्या बाहीला धरून आणीत आणि “वन्सं, हे घ्या, मागे राहिलेले!” असे म्हणून टेबलापुढे उभे करीत. सगळेच अर्ज मंजूर झाले असे नाही. नामंजुरी आली की मावशी त्या माणसाबरोबर बसून आधी सोसत, आणि मग दुसरा अर्ज लिहायला लावीत. धारवाल्याला चाक मिळाले. आजीला टाके मिळाले, तेही पाण्याचेच. काजाचे यंत्र मात्र मावशींनी कधी मागितले नाही. मागायचे म्हटले की त्यांना कागद टोचायच्या यंत्राची आठवण येई आणि अर्ज अर्ध्यावर राही.

त्यांचे आजारपण लांबले नाही. शेवटच्या आठवड्यात त्या नणंदेला म्हणाल्या, “टेबल बंद नका हो ठेवू.”

“तुम्ही ओढून आणल्याशिवाय येतं कोण?” नणंदबाई म्हणाल्या.

“मग तुम्ही ओढा.”

मावशी गेल्यानंतर चारदोन दिवसांनी, ज्या नणंदबाईंनी जन्मात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती, त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी गल्लीत एका लोहाराला हाक मारली. आवाज चिरका आला. लोहार घाबरून लगेच आला.

मावशींच्या मागे एवढे उरले आहे: वजनकाट्याची ती खोली आणि तिच्या तीन खिडक्या. गल्लीतल्या सातआठ जणी तिथे काज करतात. त्यांतल्या तिघी मावशींनंतर आल्या आहेत. दाराजवळच्या टेबलावर नणंदबाई बसतात, आणि ज्याला अर्ज लिहून हवा असेल त्याला तो लिहून मिळतो.